आठ घरं, एक गच्ची: सोसायटीत मातीविना भाजीची सामाईक बाग कशी उभारावी

सोसायटीच्या गच्चीवर पाण्यात भाजी पिकवायची म्हटलं की बहुतेक जण आधी पाइप, पंप आणि बियाण्यांच्या किमती काढायला बसतात. माझा आग्रह आहे की त्याआधी तीन गोष्टींचा हिशोब मांडा. गच्चीवर वजन किती येणार, डास कुठे वाढू शकतील, आणि मे महिन्यात निम्मी घरं गावी गेली की बागेकडे कोण बघणार. हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी अन्नद्रव्यं विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवणं, आणि ते तंत्र महिनाभरात कुणालाही जमतं. आठ घरांनी मिळून ते वर्षभर चालवणं हे खरं काम आहे. म्हणून पुढची सगळी रचना मी एकाच कसोटीवर निवडली आहे: दोन-तीन दिवस कुणी फिरकलं नाही तरी रोपं जगली पाहिजेत.

हा आराखडा मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतल्या मध्यम आकाराच्या इमारतीसाठी आहे. आठ कुटुंबं, बारा क्रेट, शहाण्णव रोपं. यापेक्षा मोठी सुरुवात करू नका.

परवानगी आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी

गच्ची ही सगळ्या सभासदांची सामाईक जागा. सेक्रेटरींनी जिन्यात भेटल्यावर 'करा की' म्हटलं, तेवढ्यावर सामान आणू नका. व्यवस्थापक समितीला लेखी अर्ज द्या आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे आणायला सांगा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि बाग सुरू करायला दसरा-दिवाळीचा काळ उत्तम, त्यामुळे वेळ चांगली जुळते.

अर्ज एका पानाचा पुरे, पण त्यात लोकांच्या मनातल्या प्रश्नांची उत्तरं असू द्या. एकूण वजन किती, कुठे ठेवणार, गच्चीला भोक पाडणार का (नाही), वीज किती लागेल आणि ती कोण भरणार, डासांचं काय, आणि बाग बंद पडली तर सामान कोण उचलणार. शेवटच्या प्रश्नासाठी आठ घरांनी थोडी अनामत रक्कम सोसायटीकडे आधीच ठेवावी. विरोध करणारे निम्मे सभासद एवढ्यानेच शांत होतात, कारण गच्चीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कुणाचं तरी भंगार सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सभेच्याही आधी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत जा. बाग त्यांच्या डोक्यावर येणार आहे. त्यांच्या छताचे फोटो तारखेसह काढून दोन्ही बाजूंनी जपून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात छताला ओल आली तर ती जुनी की नवी, यावर भांडण होणार नाही. वरच्या मजल्यावरचं एखादं कुटुंब बागेत सामील झालं तर फारच चांगलं.

पाण्याच्या टाक्यांची झाकणं, लिफ्टची मशीनरूम, सोलर पॅनेल आणि जिन्याचं दार यांच्याकडे जायची वाट किमान एक मीटर मोकळी ठेवा. आग लागली तर लोक गच्चीकडेही धावतात. गच्ची मिळत नसेल तर पोडियम किंवा बाल्कनी चालेल, पण रोज चार ते सहा तास थेट ऊन हवंच. स्टिल्टमधल्या पार्किंगचा विचार सोडून द्या.

वजनाचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाण्याची खोली दहा सेंटिमीटर असेल तर दर चौरस मीटरवर १०० किलो भार येतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने १५० किलो भार धरलेला आहे. ये-जा नसलेल्या छपरासाठी तो त्याच्या निम्माच आहे. ही मर्यादा माणसं, सामान, पाणी सगळं धरून आहे. म्हणूनच हजार लिटरची एक टाकी मधोमध ठेवून तिच्यातून पाइप फिरवायची कल्पना मला मान्य नाही. एक टन वजन एका चौरस मीटरवर येतं.

आपल्या आराखड्यात ६० बाय ४० सेंटिमीटरचे क्रेट आहेत आणि त्यांत पाणी फक्त १२ सेंटिमीटर. एका क्रेटमध्ये सुमारे २९ लिटर, बारा क्रेटमध्ये ३५० लिटर. क्रेट, झाकणं, स्टँड धरून एकूण ४०० किलोच्या आसपास. हे वजन पंधरा चौरस मीटरमध्ये पसरलं तर दर चौरस मीटरला सरासरी २७ किलो होतं. क्रेट कठड्यालगत, खाली तुळया आणि भिंती आहेत अशा ओळीत मांडा. स्लॅबचा मधला भाग माणसांना वावरायला मोकळा सोडा.

तरीही इंजिनिअरचा सल्ला लेखी घ्या. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावीच लागते. तो अहवाल सोसायटीच्या दप्तरात असेल, तो आधी वाचा. अहवालात स्लॅबची दुरुस्ती सुचवली असेल आणि ती झालेली नसेल तर बाग थांबवा. इथे तडजोड नाही.

लोखंडी स्टँडचे पाय कोब्यावर किंवा चायना मोझेकवर थेट टेकवू नका. प्रत्येक पायाखाली जाड रबराची पट्टी किंवा फळी द्या. स्टँडखाली वीतभर जागा सुटली पाहिजे, म्हणजे झाडूही फिरेल आणि पावसाचं पाणीही अडणार नाही.

क्रेट तयार करणं

पंप आणि पाइपची जी रचना व्हिडिओंमध्ये दिसते तिला एनएफटी म्हणतात. उतारावरच्या पाइपमधून पाण्याचा पातळ थर सतत वाहतो. दिसायला सुरेख, पण भर उन्हाळ्यात पंप बंद पडला तर तासा-दोन तासांत मुळं सुकू लागतात. सोसायटीसाठी मी साठलेल्या पाण्याची पद्धत सुचवते. हवाई विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ती ओळखली जाते. यात पंप लागतच नाही. रोप पाणी पितं, पातळी खाली जाते, आणि झाकण व पाणी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लोंबणारी मुळं हवेतून प्राणवायू घेतात.

१. साधारण १७-१८ सेंटिमीटर उंचीचे, भोकं नसलेले, अपारदर्शक क्रेट घट्ट झाकणांसह घ्या. उजेड आत गेला की शेवाळ आलंच. रसायनांचे जुने ड्रम कापून वापरू नका, कितीही स्वस्त मिळाले तरी.

२. क्रेट आणि झाकण बाहेरून पांढरे रंगवा. वीस अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशाला साडेसातच. पाणी २८ अंशांपुढे गेलं की मूळकूज सुरू व्हायला वेळ लागत नाही.

३. झाकणाला होल सॉने (ड्रिलला लावायचं गोल भोक पाडणारं पातं) आठ भोकं पाडा, चारच्या दोन ओळी. भोकाचं माप नेटपॉटच्या, म्हणजे रोप धरणाऱ्या छोट्या जाळीदार कुंडीच्या, कडेखालून घ्या. तो काठावर घट्ट बसला पाहिजे, फट राहता कामा नये. कारण डासांच्या भागात येईल.

४. पाण्याची पातळी पोहोचेल त्याच्या थोडं वर, क्रेटच्या बाजूला, पेन्सिलीएवढं एक भोक पाडून त्यावर बारीक जाळी चिकटवा. अवकाळी पाऊस झाला तर जादा पाणी तिथून जाईल.

५. क्रेट पाणसळ लावून समपातळीत ठेवा. एका कोपऱ्यात झुकलेल्या क्रेटमधली दुसऱ्या टोकाची रोपं कोरडी राहतात.

मार्चनंतर हवेचा छोटा पंप जोडला तर फायदा होतो. माशांच्या टाकीला लावतात तोच, अनेक नळ्यांचा. दहा वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सात युनिट होतात. वायरिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज लगेच तोडणारा स्विच) लावून. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं त्याच्यात येतं.

पाणी आणि खत

मुंबईला महापालिकेचं पाणी तलावांतून येतं, ते हलकं असतं आणि या कामाला उत्तम. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचा भरवसा नाही, म्हणून वापरण्याआधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये म्हणजे दशलक्षात किती भाग) मोजा. २०० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. ४०० च्या पुढे असेल तर ते नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात मिसळूनच वापरा.

खर्चात काटकसर कुठेही करा, मीटरमध्ये करू नका. पाण्यातल्या क्षारांसाठी ईसी मीटर आणि आम्लतेसाठी पीएच मीटर, शिवाय पीएच मीटर जुळवायची द्रावणं. ईसीचा आकडा मिलिसिमेन्समध्येच वाचा. पीपीएमचे आकडे फसवतात, कारण एकच ईसी १.० काही मीटर ५०० दाखवतात तर काही ७००. दोन घरांचे दोन मीटर असले की यावरून हमखास गोंधळ होतो. बागेचा मीटर एकच ठेवा.

खत हायड्रोपोनिक्ससाठी तयार मिळणारं, 'ए' आणि 'बी' अशा दोन भागांतलं घ्या. भाग दोन असतात कारण 'ए'मधला कॅल्शियम 'बी'मधल्या सल्फेट-फॉस्फेटशी घट्ट द्रावणात भेटला की पांढरा साका होऊन तळाशी बसतो आणि रोपाला मिळत नाही. क्रम कायम हाच: आधी पाणी, त्यात 'ए', नीट ढवळा, मग 'बी', पुन्हा ढवळा, आणि शेवटी पीएच. दुकानातलं १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) स्वस्त पडतं, पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि कॅल्शियम नसतोच. जीवामृत, शेणाची स्लरी, गांडूळखताचं पाणी यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांची जागा मातीत आहे. साठलेल्या पाण्यात ती कुजतात आणि दुर्गंधी सुटते.

छोट्या रोपांना ईसी ०.६ ते ०.८ पुरे. लेट्यूस आणि पुदिन्याला १.२ ते १.६, पालकाला १.८ पर्यंत. उन्हाळ्यात हे आकडे थोडे खाली ठेवा, कारण रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं आणि उरलेलं द्रावण आपोआप घट्ट होत जातं. पीएच ५.५ ते ६.५. तो वाढला तर फॉस्फरिक आम्लाचं तयार 'पीएच डाउन' थेंबाथेंबाने घाला, हातमोजे घालून, आणि नेहमी आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. लिंबू-व्हिनेगर पिळून पीएच खाली येतो खरा, पण एक-दोन दिवसांत पुन्हा चढतो.

आता सामाईक बागेतला सगळ्यात मोठा धोका. पाण्याची पातळी कमी दिसली की कुणीतरी प्रेमाने क्रेट काठोकाठ भरतं. हवेत वाढलेली मुळं बुडतात आणि रोप दोन-तीन दिवसांत मान टाकतं. पाणी कमी होणं हा या पद्धतीचा भागच आहे. क्रेटमध्ये तळाशी तीन-चार सेंटिमीटर पाणी उरलं तर निम्म्या ताकदीचं द्रावण घालून सहा-सातपर्यंत आणा, त्याहून वर नाही. प्रत्येक क्रेटवर लाल मार्करने ही रेघ मारून 'याच्या वर भरू नये' असं मराठी-हिंदी दोन्हींत लिहा.

काय लावायचं आणि कधी

लेट्यूस, पालक, पुदिना, बेझिल, बॉक चॉय, चुका. यांपासून सुरुवात करा. पालकाची 'ऑल ग्रीन' जात आपल्याकडे चांगली येते. बी रात्रभर भिजवून पेरा. कोथिंबिरीला धणे हलके रगडून दोन भाग करून घ्यावे लागतात आणि एका नेटपॉटमध्ये आठ-दहा दाणे लागतात. पुदिना बाजारातल्या जुडीतूनच करा: जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मेथीसाठी नेटपॉट वाया घालवू नका, ती कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) उथळ ट्रेमध्ये दाट पेरलेली बरी. मुळा, गाजर यांच्या वाटेला जाऊ नका. टोमॅटो-मिरची पुढच्या वर्षी. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी बुरशीनाशकात घोळवलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नका.

रोपं घरातच करावीत. कोकोपीट धुऊन, नेटपॉटमध्ये भरून, एका ट्रेमध्ये साध्या पाण्यावर ठेवा. दोन-तीन खरी पानं (बीतून फुटणाऱ्या पहिल्या जोडपानांनंतरची) आली आणि मुळं जाळीबाहेर डोकावली की गच्चीवर न्या. क्रेट भरताना नेटपॉटचा तळ सेंटिमीटरभरच पाण्यात बुडेल एवढं द्रावण असू द्या.

बारा क्रेट एकाच दिवशी लावायचा मोह टाळा. दर आठवड्याला दोनच लावा. लेट्यूसला लावणीपासून पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे सातव्या आठवड्यापासून दर रविवारी दोन क्रेट, म्हणजे सोळा गड्डे तयार मिळतात. घरगुती बागेत एक गड्डा साधारण १२० ते १५० ग्रॅमचा धरा. प्रत्येक घराला दोन गड्डे, पाव किलोच्या आसपास ताजी भाजी. एवढाच पदरात पडणारा वाटा आहे, आणि तो आधीच सगळ्यांना सांगा. भाजीवाल्याचं बिल शून्य होईल असं स्वप्न दाखवलं तर चौथ्या आठवड्यात लोक गळतात.

डास

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. आपले क्रेट म्हणजे नेमकं तेच पाणी. महापालिकेची माणसं पावसाळ्यात गच्च्या तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस सोसायटीला येते. एकदा ती आली की बाग संपली, आणि तसं होणं रास्तही आहे.

म्हणून झाकण घट्ट, रिकामं भोक लगेच बंद, नेटपॉट कोकोपीटने पूर्ण भरलेला. रोप काढलं की त्याच मिनिटाला त्या भोकावर बूच. दर आठवड्याला प्रत्येक क्रेटचं झाकण एका बाजूने उचलून टॉर्चने बघायचं. अळ्या हलताना दिसतात. दिसल्या तर तो क्रेट रिकामा करून धुवायचा. रॉकेल किंवा तेल ओतू नका. बीटीआय हे अळ्या मारणारं, जिवाणूपासून केलेलं औषध रोपांना अपाय करत नाही, ते थोडं हाताशी असू द्या. बादल्या, मग, ट्रे, सगळं पालथं.

माणसं

'प्रत्येक घराला एक क्रेट' ही वाटणी न्याय्य वाटते, पण मी तिच्या विरोधात आहे. ज्या घरात परीक्षा, आजारपण किंवा प्रवास असतो त्या घराचा क्रेट मरतो, आणि मेलेला क्रेट म्हणजे डासांचं घर. सगळे क्रेट सगळ्यांचे ठेवा. मुलांसाठी वाटल्यास एक वेगळा द्या.

आठ घरांच्या चार जोड्या करा. प्रत्येक जोडीकडे महिन्यातला एक आठवडा. रोजचं काम दहा मिनिटांचं: पातळी, पानं, झाकणं बघणं. आठवड्यातून एकदा, शनिवारी, ईसी, पीएच आणि टॉर्च. रविवारी तोडणी आणि नवी लावणी, शक्यतो सगळ्यांनी मिळून. वॉचमनदादांवर हे काम परस्पर ढकलू नका; त्यांची मदत हवी असेल तर ठरवून मोबदला द्या.

नोंदी व्हॉट्सॲपवर वाहून जातात, म्हणून जिन्याच्या दाराजवळ प्लास्टिकच्या पिशवीत एक वही टांगा. तारीख, क्रेट क्रमांक, ईसी, पीएच, काय दिसलं, कुणी पाहिलं. श्रीपाद अच्युत दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात साधे शेतकरी आपापले प्रयोग आणि निरीक्षणं एकमेकांना कळवत शिकत गेले. गच्चीवरची वहीही तशीच वापरावी. मधल्या वारी कुणाला चार पानं हवी असतील तर बाहेरची पानं तोडावीत आणि वहीत लिहावं. परवानगी मागायची गरज नाही.

बिघाड ओळखणं

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, आधी पीएच बघा. तो सातच्या वर गेलेला असतो. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ईसी कमी आहे. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपल्या तर कॅल्शियम पोहोचत नाहीये. उकाडा आणि घट्ट द्रावण ही त्याची नेहमीची कारणं, म्हणून द्रावण पातळ करा आणि शेडनेट लावा. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास येत असेल तर तो क्रेट पूर्ण रिकामा करा, ब्लीचच्या पातळ पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. औषध शोधत बसू नका.

मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे सुरुवातीपासूनच लावा. संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा, तोडणीच्या चार-पाच दिवस आधी बंद. कबुतरांसाठी जाळी पहिल्या दिवसापासून हवी. त्यांची विष्ठा पडलेली पानं कच्ची खाऊ नयेत.

मार्च ते मे ५० टक्क्यांचं शेडनेट लावा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पहिल्या वर्षी मेअखेर बाग आवरून क्रेट धुऊन पालथे ठेवा. पुण्यात पाऊस त्या मानाने कमी. वर पारदर्शक आच्छादन असेल, आणि ते कायमचं बांधकाम नसेल, तर तीन-चार क्रेट पावसाळ्यातही चालतात. ढगाळ दिवसांत पालेभाज्यांत नायट्रेट साठतं, म्हणून त्या काळात तोडणी सकाळऐवजी दुपारनंतर करा.

उरलेलं पाणी आणि दुसरं वर्ष

प्रत्येक पिकानंतर क्रेटमध्ये थोडं द्रावण उरतं. ते गच्चीच्या मोरीत ओतू नका. बऱ्याच सोसायट्यांत गच्चीचे पाइप पर्जन्यजल साठवणीला किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाला जोडलेले असतात आणि हे नायट्रेट थेट तिथे जातं. दुप्पट पाणी मिसळून ते खाली आवारातल्या नारळाला, जास्वंदीला, कढीपत्त्याला घाला.

दुसऱ्या वर्षी वाढवायचं असेल तर वही उघडा. चारही जोड्यांनी आपापले आठवडे न चुकता भरले असतील तर आणखी चार क्रेट घ्या, आणि वजनाचा हिशोब पुन्हा करून इंजिनिअरला दाखवा. नोंदी दोनच हातांच्या अक्षरात असतील तर क्रेट आठवर आणा आणि आधी माणसं जोडा. पाइप-पंपाची रचना हवीच असेल तर चार पाइपांची एकच घ्या, दर मीटरला दोन-तीन सेंटिमीटर उतार ठेवा, आणि वीज गेल्यावर पंप चालेल एवढी बॅटरी जोडल्याशिवाय त्यात रोप लावू नका.